दीड तास गवत आणि बारा सेकंदांचे उड्डाण

गेल्या महिन्यात बडोद्याहून भाच्याचा फोन आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या चार-पाच मित्रांनी मिळून एक लहानसा अग्निबाण बनवला होता. लहानसा म्हणजे उभा केला की माझ्या खांद्याला लागेल एवढा. रीतसर परवानगी काढून, प्राध्यापकांना बरोबर घेऊन त्यांनी तो गावाबाहेरच्या एका माळावरून उडवला. अग्निबाण अर्धा किलोमीटर वर गेला, ठरल्याप्रमाणे त्याचे नाक सुटले, आतून हवाई छत्री बाहेर आली आणि सगळे लटांबर जरा जास्तच वेगाने खाली येऊन एका बाभळीत अडकले. काढून पाहतात तो छत्री एका बाजूने वीतभर फाटलेली.

आता प्रश्न असा की छत्री फाटली केव्हा? वर उघडताना बसलेल्या झटक्याने, की खाली बाभळीच्या काट्यांनी? पहिले खरे असेल तर कापड, शिवण, घडी सगळेच बदलायला हवे. दुसरे खरे असेल तर काहीच बदलायला नको, फक्त झाडे नसलेली जागा शोधायची. हे कळावे म्हणूनच पोरांनी अग्निबाणाच्या अंगावर एक कॅमेरा बसवला होता. खेळाडू शिरस्त्राणावर लावतात तसला, सेकंदाला २४० चित्रे घेणारा.

"मग त्यात बघा ना," मी म्हटले.

"बघितलं, मामा. दीड तास गवत आहे."

झाले होते ते असे. सकाळी सात वाजता सगळी जुळणी झाली. एकदा नाकाडाचे स्क्रू आवळले की कॅमेऱ्याची कळ हाताला लागत नव्हती, म्हणून ती आधीच दाबून ठेवली. मग वारा सुटला. तो पडायची वाट पाहण्यात सव्वादहा वाजले. कॅमेऱ्याचे कार्ड साडेआठलाच भरून गेले होते. अग्निबाण उडाला तेव्हा कॅमेरा मुकाट्याने बसून होता. त्याच्यापाशी आडव्या ठेवलेल्या अग्निबाणाजवळचे गवत होते, गवतावरच्या मुंग्या होत्या आणि कुणाची तरी चप्पल मधूनमधून येऊन जात होती. सेकंदाला २४० चित्रे या हिशेबाने त्या मुंग्यांचे असे बारकाईने चित्रण बहुधा कुणी केले नसेल.

वाचकहो, हसायला काही हरकत नाही, मीही हसलो. पण उडत्या यंत्रावर, जवळ माणूस नसताना, वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करायचे म्हणजे नेमकी हीच अडचण असते आणि ती मोठमोठ्यांना आलेली आहे.

लग्नातला व्हिडिओवाला आठवा. मंगलाष्टके चाललेली असतात, तो निवांत असतो. शेवटच्या 'सावधान'ला कॅमेरा सरसावतो आणि अंतरपाट दूर होताना बरोबर टिपतो. त्याला कुणी घड्याळ लावून दिलेले नसते. तो ऐकतो, बघतो आणि ठरवतो. आकाशातल्या कॅमेऱ्याला हे 'सावधान' कोण सांगणार? ते आदल्या दिवशी जमिनीवर बसलेल्या माणसाने सांगून ठेवावे लागते, आणि उद्या काय काय बिघडू शकेल हे धरून सांगावे लागते.

सगळा वेळ चालूच ठेवला तर? इथे थोडा हिशेब करू. आपला दूरचित्रवाणी संच सेकंदाला २५ चित्रे दाखवतो. प्रयोगशाळेतला वेगवान कॅमेरा सहज १,००० घेतो. म्हणजे एका सेकंदात घडलेले आपल्याला ४० सेकंद संथपणे पाहता येते. पण एका चित्रात १,२८० गुणिले १,०२४ ठिपके धरले तर ते झाले १३ लाखांवर. चित्र कृष्णधवल असले आणि ठिपक्याला एकच बाइट लागला तरी सेकंदाला सव्वा गिगाबाइटहून जास्त माहिती जमते. कॅमेऱ्याच्या पोटातली मेमरी १६ गिगाबाइट असेल तर ती साधारण बारा सेकंदांत भरते. तासभर चालू ठेवायचा म्हटले तर साडेचार हजार गिगाबाइटहून अधिक जागा हवी. म्हणजे हातात असतात बारा सेकंद, आणि ती कुठली हे आधी ठरवायचे असते.

यावर काढलेली युक्ती आपल्या शेतकऱ्याला नवी वाटणार नाही. ती म्हणजे रहाटगाडगे. कॅमेरा मेमरी भरत जातो आणि भरली की थांबत नाही. सर्वांत जुने चित्र पुसून त्या जागी नवे ठेवतो. गाडगी भरत राहतात, रिती होत राहतात, आणि कुठल्याही क्षणी पाहाल तर शेवटची बारा सेकंदे तेवढी शिल्लक असतात. मग 'आता घडले' असा इशारा मिळाला की रहाट थांबवायचा. या इशाऱ्याला ट्रिगर म्हणतात. यातली गंमत अशी की इशारा घटना घडून गेल्यावर आला तरी चालतो, कारण आधीचे सगळे गाडग्यांत असतेच. इशाऱ्याच्या आधीची किती सेकंदे ठेवायची आणि नंतरची किती, ही वाटणी कॅमेऱ्यात भरून देता येते. छत्री उघडतानाचा झटका हाच इशारा धरला तर निम्मी गाडगी आधीच्या वेळेसाठी राखलेली बरी. कारण घोटाळा पुष्कळदा झटक्याच्या आधी, दोऱ्या सुटताना सुरू झालेला असतो.

इशारा कुणी द्यायचा हा वेगळा वादाचा मुद्दा. घड्याळावर सोपवावे तर उड्डाण लांबले की फसगत. धक्का ओळखणाऱ्या यंत्रावर सोपवावे तर जमिनीवर कुणी अग्निबाण आपटला की त्यालाच घटना समजून कॅमेरा रहाट थांबवणार आणि ट्रकमधल्या खड्ड्याचे सुंदर चित्रण जपून ठेवणार. म्हणून जाणती माणसे छत्री सोडण्याचा हुकूम ज्या तारेतून जातो तिथूनच कॅमेऱ्यालाही इशारा देतात, आणि कॅमेऱ्याला तो इशारा ऐकण्याची मुभा उड्डाणानंतरच मिळेल अशी व्यवस्था करतात.

आणखी एक खोच आहे. ही झपाट्याने भरणारी मेमरी बहुधा विजेवर जगणारी असते. वीज गेली की पाटी कोरी. रहाट थांबल्यावर ती चित्रे कायमच्या साठ्यात उतरवायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात यान समुद्रात आदळून बॅटरीची तार सुटली तर सगळे मुसळ केरात.

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. मंगळावरच्या छत्रीची गोष्ट सांगतो.

मंगळाची हवा अतिशय विरळ. तिथे उतरणाऱ्या यानाची छत्री आवाजाहून अधिक वेग असतानाच उघडावी लागते. अमेरिकेच्या नासा संस्थेने अधिक जड याने उतरवता यावीत म्हणून साडेतीस मीटर व्यासाची एक भलीमोठी छत्री बनवली. पृथ्वीवर मंगळासारखी विरळ हवा हवी तर फार उंच जावे लागते. म्हणून हवाई बेटांतल्या काउआई बेटावरून प्रचंड फुगा सोडून चाचणीचे यान सुमारे ३६ किलोमीटर उंच नेले, तिथून अग्निबाणाच्या जोरावर आणखी वर, साधारण ५५ किलोमीटरवर, आणि मग छत्री उघडली. पहिली चाचणी २८ जून २०१४ ची. छत्री फाटली. सुधारून पुन्हा ८ जून २०१५ ला केली. पुन्हा फाटली.

दोन्ही वेळा यान समुद्रातून बाहेर काढले आणि त्यावरच्या साठ्यातली वेगवान चित्रे हाती आली. त्यांत छत्री क्षणाक्षणाला कशी फुलते आणि कशी चिरत जाते हे दिसत होते. अस्वस्थ करणारी गोष्ट ही की कापडाला जेवढा ताण सोसायला हवा होता त्याहून कमी ताणाला ते गेले होते. म्हणजे इतकी वर्षे मांडलेले गणितच कुठेतरी अपुरे होते. चित्रे हाती नसती तर 'शिवण कच्ची होती' म्हणून विषय संपला असता.

याचा धसका असा की पर्सिव्हिअरन्स या मंगळगाडीसाठी जुन्या, यशस्वी बनावटीची छत्री घ्यायची ठरली तरी तिच्या वेगळ्या चाचण्या घेतल्या गेल्या. व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स तळावरून अग्निबाण उडवून तीन वेळा: ऑक्टोबर २०१७, मार्च २०१८ आणि सप्टेंबर २०१८. शेवटच्या चाचणीत छत्री घडीतून पूर्ण फुलायला सेकंदाचे चार दशांश लागले आणि तेवढ्यात तिने सुमारे सत्तर हजार पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ३२ टनांचा ओढा सोसला. साध्या कॅमेऱ्याने सेकंदाला २५ या दराने हे टिपले असते तर सगळ्या घटनेची मिळून दहा चित्रे. सेकंदाला हजार घेतली तर चारशे. दहा चित्रांत छत्री मिटलेली दिसेल, मग उघडलेली दिसेल. मधे काय झाले ते दोन चित्रांच्या फटीत निसटून जाईल.

अशा चाचणीत कॅमेऱ्याचे बाकीचे कान पिळणेही आधीच उरकावे लागते. उजेडाचे घ्या. आपले घरातले कॅमेरे उजेड बघून स्वतःला जुळवून घेतात आणि आपल्याला ते सोयीचे वाटते. चाळीस किलोमीटर उंचीवर आकाश जवळजवळ काळे असते आणि उन्हात छत्री पांढरीशुभ्र तळपत असते. काळ्या आकाशाकडे पाहून कॅमेरा डोळे विस्फारतो आणि नेमकी छत्री आली की ती पांढरा डाग होऊन बसते. शिवण नाही, दोरी नाही, काही नाही. म्हणून प्रकाशाचे माप हाताने ठरवून तिथेच कुलूपबंद करायचे, आणि ते ठरवताना जमिनीवरच्या नव्हे तर वरच्या उन्हाचा अंदाज धरायचा. भिंगाचा रोखही दूरवर लावून त्याची कडी डिंकाने किंवा स्क्रूने पक्की करायची, नाहीतर अग्निबाणाच्या थरथरीने ती आपसूक फिरते. उष्णतेचेही उलटेच. वर थंडी असते हे खरे, पण हवा इतकी विरळ की कॅमेऱ्याची स्वतःची ऊब वाहून न्यायला काही नसते. बंद पेटीतला कॅमेरा गारठण्याऐवजी तापून बंद पडू शकतो. हे मला फार वर्षे उलटेच वाटत होते.

आणि घड्याळे जुळवणे. ताण मोजणारे यंत्र एक वेळ सांगते, कॅमेरा दुसरी. दोघांत शंभराव्या हिश्शाचा फरक असला तरी 'फाटली तेव्हा ताण किती होता' या प्रश्नाचे उत्तर चुकते.

पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरली. त्या वेळी तिथून रेडिओचा निरोप इथे पोहोचायला अकरा मिनिटांहून अधिक लागत होती, म्हणजे इथून कळ दाबण्याचा प्रश्नच नव्हता. छत्रीकडे वर पाहणारे तीन कॅमेरे होते, सेकंदाला ७५ चित्रे घेणारे. प्रयोगशाळेच्या मानाने वेग कमी, पण मंगळावर उघडणारी छत्री इतक्या जवळून त्याआधी कुणी पाहिलेली नव्हती. तीनच का? तर एखादा दगा देईल म्हणून. एकाने दिलाही. उतरतानाचा आवाज टिपायला ठेवलेल्या मायक्रोफोनचेही काही हाती लागले नाही. उरलेल्या कॅमेऱ्यांनी मिळून २३,००० च्या वर चित्रे जमवली. छत्रीवरचे नारिंगी-पांढरे पट्टेही मुद्दाम असमान ठेवले होते, म्हणजे चित्रात छत्रीची कुठली बाजू कुठे वळली ते ओळखता यावे. काही हौशी लोकांनी त्या पट्ट्यांत लपवलेला सांकेतिक संदेशही उलगडून दाखवला.

पण या मंडळींनी कॅमेऱ्यांना घातलेली पहिली अट मला सर्वांत आवडते. कॅमेरा चालो न चालो, त्याच्यामुळे उतरण्यात तसूभरही अडथळा येता कामा नये. पाहुण्याने लग्नाला यावे, जेवावे, पण मांडवाच्या खांबाला हात लावू नये, तसे.

चित्र घेतले तरी ते घरी आणायचे कसे, हा प्रश्न उरतोच. फिल्मच्या काळात तर तो फारच बिकट होता. १९६७ च्या नोव्हेंबरात अपोलो ४ आणि १९६८ च्या एप्रिलात अपोलो ६ अशी सॅटर्न ५ या महाकाय अग्निबाणाची दोन निर्मनुष्य उड्डाणे झाली. टप्पे एकमेकांपासून कसे सुटतात हे पाहायला त्यांवर फिल्मचे कॅमेरे होते. काम झाले की कॅमेरा त्याच्या कुपीसह बाहेर फेकला जायचा, समुद्रात पडून तरंगायचा आणि रेडिओवरून 'मी इथे आहे' असे सांगत राहायचा. एक प्रचंड कडे संथपणे गळून पडताना, ज्वाळांनी उजळताना दिसते ती प्रसिद्ध चित्रफीत याच उड्डाणांतली. माहितीपटवाले ती सर्रास अपोलो ११ ची म्हणून दाखवतात. आपण बघताना मनात दुरुस्ती करून घ्यावी.

अपोलो ६ च्या वेळी मात्र पहिल्या टप्प्यावरच्या चार कॅमेऱ्यांपैकी तीन बाहेर फेकलेच गेले नाहीत. फेकण्यासाठी ठेवलेल्या नायट्रोजनच्या बाटल्यांत पुरेसा दाब नव्हता. दुसऱ्या टप्प्यावरच्या दोघांपैकी एकच हाती लागला. कॅमेऱ्यांनी आपापले काम कदाचित चोख केलेही असेल, पण ते समुद्राच्या तळाशी.

जिथे यंत्र परत येणारच नाही तिथे मरण्यापूर्वी सगळे सांगून टाकावे लागते. आपल्या चांद्रयान-१ ने १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रावर एक छोटी पेटी सोडली. सुमारे पंचवीस मिनिटे ती खाली पडत होती. पडता पडता तिने घेतलेली चित्रे वरच्या यानाकडे पाठवली आणि दक्षिण ध्रुवाजवळ आदळून संपली. तिथे रहाटगाडग्याचा उपयोग नव्हता. ओंजळीत आले की लगेच दुसऱ्याच्या हाती द्यायचे.

आणि छत्र्यांचा प्रश्न आता आपल्याही घरचा झाला आहे. गगनयान मोहिमेत माणसे ज्या कुपीतून परत यायची तिच्यासाठी इस्रोने दहा छत्र्यांची योजना केली आहे: आधी झाकण काढणाऱ्या दोन, मग वेग मारणाऱ्या दोन, मग मोठ्या छत्र्यांना ओढून बाहेर काढणाऱ्या तीन आणि शेवटी तीन मोठ्या. २४ ऑगस्ट २०२५ रोजी श्रीहरिकोट्याजवळ सुमारे पावणेपाच टनांची कुपी हेलिकॉप्टरने तीन किलोमीटर उंच नेऊन खाली सोडली आणि ही साखळी तपासली. चंडीगडच्या प्रयोगशाळेत रुळांवरून धावणाऱ्या अग्निबाण-गाडीवरही या छत्र्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. दहांतली एक चुकीच्या क्षणी उघडली तर पुढच्या नऊंचे काय होते, हे माणूस आत बसण्याआधी कुणीतरी संथ गतीने, पुन्हा पुन्हा पाहिलेले बरे.

भाच्याला मी यातले जमेल तेवढे सांगितले. त्यांचा कॅमेरा साधा, वेगवान चित्रण करताना तो रहाटगाडग्यासारखा चालत नाही. म्हणून त्यांनी एक खिट्टी बसवली, तिला दोरी बांधली आणि दोरीचे दुसरे टोक उड्डाणाच्या खांबाला. अग्निबाण उठला की खिट्टी ओढली जाणार आणि कॅमेऱ्याला 'सावधान' मिळणार. वर पोहोचायला दहा-बारा सेकंद लागतात, कॅमेऱ्याला जागे व्हायला तीन. शिवाय दुसरा एक कॅमेरा, त्याची कळ बाहेरून दाबता येईल असा, अगदी शेवटच्या क्षणी हाताने सुरू केलेला. प्रकाशाचे माप पक्के केले, भिंगावर चिकटपट्टी मारली, कार्ड रिकामे केले. मुंग्यांची प्रत कुणीतरी आठवण म्हणून ठेवली आहे म्हणे.

परवा पुन्हा फोन आला. छत्री पुन्हा फाटली होती, त्याच बाजूने. या वेळी बाभूळ नव्हती.

"मामा, दिसलं! दोन्ही कॅमेऱ्यांत दिसलं."

"काय दिसलं? शिवण?"

"शिवण ठणठणीत आहे. छत्री बाहेर येताना तिची कड एका पट्टीत अडकते आणि टर्रकन फाटते."

"कसली पट्टी?"

तो जरा थांबला. "कॅमेरा बसवायला लावलेली."

पट्टीची कड आता घासून गोल केली आहे आणि ती बाहेरून आत घेतली आहे. तिसरे उड्डाण दिवाळीनंतर.